रकाना क्रमांक चार

५ जानेवारी २०२६, सोमवार

संघाच्या डायऱ्या शंभर छापल्या, बासष्ट उरल्या. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत 'वाळूज परिसर रोजगार सेवा पुरवठादार संघ' आणि आत पहिल्याच पानावर अध्यक्ष तात्यासाहेबांचा फोटो. वर्षभर रोज त्यांचं हसू कोण बघणार म्हणून कुणी नेल्या नसाव्यात. मी संघाचा मानद सचिव. मानद म्हणजे उरलेला गठ्ठा ज्याच्या ऑफिसात येऊन पडतो तो. म्हटलं, एक तरी वापरावी.

रोजगार सेवा पुरवठादार हे आमचं कागदावरचं नाव. बजाजनगरात आम्हाला 'माणसं देणारे' म्हणतात. कंपनीला पॅकिंगसाठी वीस बायका हव्यात, लोडिंगला दहा गडी हवेत, शहरात कुणाच्या आजारी आईजवळ बसायला बाई हवी, की फोन येतो आणि आम्ही माणसं देतो. भांडण झालं की तेच लोक दलाल म्हणतात. त्याचं मला आता काही वाटत नाही. खरं म्हणजे वाटतं, पण सांगायचं कुणाला?

माझं ऑफिस एका गाळ्यात आहे. पाटी 'सुलेखा प्लेसमेंट'. खाली दोन नावं: बुद्धभूषण हिवराळे, सौ. सुलेखा हिवराळे. आत दोन टेबलं, दोन खुर्च्या, आणि येणाऱ्यांसाठी भिंतीलगत एक बाकडं. सुलेखाला जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. पाटी बदलायची राहिली आहे, कारण पेंटर मिळत नाही. माणसं देण्याचा धंदा माझा आणि मला पेंटर मिळत नाही, हे मी कुणाला ऐकवत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज तात्यासाहेबांच्या ऑफिसात बैठक झाली. तिथंच होते नेहमी, कारण एसी तिथंच आहे. त्यांच्याकडं बत्तीस जणांचा स्टाफ आहे आणि चहा आणून देणारा माणूससुद्धा इस्त्रीच्या शर्टात असतो.

मुंबईहून नव्या नियमांचा मसुदा आला आहे. मी मोठ्यानं वाचून दाखवला. सातव्या कलमापर्यंत लोक मोबाइल बघत होते. सातवं असं: नोंदणी हवी असेल तर प्रत्येक कार्यालयात किमान दोन व्यक्ती काम करत असल्या पाहिजेत आणि त्यांपैकी एक महिला असली पाहिजे. नसेल तर नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणजे कंपनी गेटवरसुद्धा उभं करणार नाही.

सगळ्यांचे मोबाइल खाली आले. आमच्यात निम्मे तरी एकटे आहेत, असं मला वाटतं. वाटतं म्हणतो, कारण कुणी तसं कधी बोललेलं नाही.

"काय फिकीर करू नका," तात्यासाहेब म्हणाले. "एकट्यानं ऑफिस चालवनारांना सूट मागू. पन सरकारला रडगानं नाय चालत, आकडा पायजे. हिवराळे, तुमी एक फॉर्म काढा. किती ऑफिसात किती मानसं, समदं त्यात आलं पायजे."

१२ फेब्रुवारीला समिती इथं येऊन संघाचं म्हणणं ऐकणार आहे. फॉर्म, आकडे, निवेदन, सगळं माझ्याकडं आलं. घरी येताना बरं वाटत होतं. करायला काहीतरी मिळालं.

१२ जानेवारी, सोमवार

फॉर्म तयार झाला. सहा रकाने. संस्थेचं नाव, पत्ता, सुरुवातीचं वर्ष, चौथा रकाना 'कार्यालयात काम करणाऱ्या व्यक्तींची संख्या', मग वर्षात किती जणांना काम दिलं, आणि सही.

आमचे सभासद साधा फॉर्म दिला तरी नावाच्या जागी पत्ता लिहितात. म्हणून एक नमुना भरून त्याच्या झेरॉक्स सोबत जोडायच्या ठरवल्या, वर 'असा भरावा' असं लिहून. नमुना अर्थात माझ्याच ऑफिसचा.

चौथ्या रकान्यात माझ्या हातानं '२' लिहिलं.

लिहून झाल्यावर लक्षात आलं. पेन तसंच धरून बसलो. अठरा वर्षं प्रत्येक कागदावर दोनच लिहीत आलो, हाताला काय कळणार? खोडावं म्हटलं, पण नमुन्याच्या फॉर्मवरच खाडाखोड असली तर लोक काय धडा घेणार? आणि खोडून जे लिहायचं ते लिहायला त्या वेळी जमलं नाही. मूळ फॉर्म नंतर बदलता येईल. झेरॉक्स काढून सत्तेचाळीस पाकिटं भरली.

दुपारी सोनियाचा पुण्याहून फोन. "पप्पा, जेवलात का?" झालं जेवण, म्हटलं. तिला असंच सांगावं लागतं, नाहीतर ती लगेच ऑफिस बंद करून पुण्याला या म्हणते. पोरगी माया करते, जावईही चांगले आहेत. पण अकराव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू? इथं निदान दार उघडलं की कुणीतरी येऊन काम मागतं.

२० जानेवारी, मंगळवार

फॉर्म येऊ लागले. कडूबाचा फॉर्म बघून डोकं फिरलं. चौथ्या रकान्यात '२'. हा माणूस रांजणगावात एका शटरमध्ये एकटा बसतो, हे मला पक्कं माहीत आहे. गाडी काढली आणि गेलो.

कडूबा टेबलावर डबा उघडून, भिंतीकडं तोंड करून जेवत होता. मला बघून डबा झाकला.

"दुसरं कोन हाय रं तुझ्या ऑफिसात?" मी विचारलं.

"हाय की."

"कोन?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात एक मांजर होती, पण तिचं नाव घ्यायचा धीर त्याला झाला नाही. "भाऊ, आपल्या धंद्यात मानसं कमी सांगत्यात व्हय? तीस असली तर पन्नास सांगायची. कमी सांगितली की कंपनीवाले फोन उचलत नाय. हे तुमीच शिकवलं मला."

शिकवलं होतं खरं. "आरं पन हे कंपनीला नाय, सरकारला सांगायचंय. तू एकटा हाय म्हनूनच सूट मागायचीय ना!"

"एकटा म्हनून लिहायचं? सही करून?" तो हसला आणि मग हसायचा थांबला. "जेवता का भाऊ? भाकर लई हाय."

झालंय माझं, म्हटलं. फॉर्म तसाच घेऊन परत आलो. लोकांना खरं लिहायची एवढी लाज का वाटते, कळत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

रत्नमालाबाईंचा फोन. या आठवड्यातला चौथा. यांचं ऑफिस शहरात, गारखेड्याला. म्हाताऱ्या-आजाऱ्यांजवळ राहायला बायका पुरवतात. स्वतः पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. बोलणं नेमकं, आवाज बसका. सोमवारी त्यांना तिसऱ्या रकान्याची शंका होती. बुधवारी सही निळ्या शाईनं करायची की काळ्या. काल, फॉर्म पोस्टानं पाठवू की आणून देऊ. एवढा सोपा फॉर्म आणि या हुशार बाईला एवढ्या शंका!

आज म्हणाल्या, "सर, चौथ्या रकान्यात मी एक लिहिलंय. चालंल ना?"

"चालंल म्हणजे काय, तेच तर पाहिजे."

"तुमच्या नमुन्यात दोन होतं, म्हणून इचारलं. तुमच्याकडं दुसरं कोण असतं आता?"

गेटवर बस आली आहे, असं सांगून मी विषय बदलला. माझ्या ऑफिसला गेट नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "जेवलात का?"

"झालं जेवण."

नर्सची सवय जात नसावी.

१ फेब्रुवारी, रविवार

सत्तेचाळीसपैकी एक्केचाळीस फॉर्म आले. दोनदा मोजले. चाळीस फॉर्मांत दोन किंवा त्याहून जास्त. एका फॉर्मात एक. तो रत्नमालाबाईंचा.

तात्यासाहेबांना फोन केला. ते लग्नात होते, मागं बँड वाजत होता. "मंग अडचन काय हाय?" ते ओरडले. "समदीच दोनाची हैत, त मसुद्यात आपन बसतोच की! पाठवा निवेदन!"

त्यांना नाहीच अडचण. पण मी आठवडाभर स्कूटरवर फिरलो आहे. जोगेश्वरी, रांजणगाव, बजाजनगर, शहर. शटर अर्धं वर, एक टेबल, एक माणूस. कुणाच्या दुसऱ्या खुर्चीवर हेल्मेट, कुणाच्या खुर्चीवर जुन्या बायोडाटांचा ढीग. एकानं दुसरा कप धुऊन पालथा ठेवलेला होता, कोरडाठाक. मी प्रत्येकाला म्हटलं, बाबा, खरं लिही. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. सरळ नाही, आडून आडून. साळूबाई म्हणून एक म्हातारी सभासद आहे, तिनं मात्र तोंडावर सांगितलं. "पयलं तुमचा नमुना बगा. म्या त्यातूनच उतरून घेतलं."

निवेदनात मी लिहिलं, 'अनेक कार्यालये एकच व्यक्ती चालवते, तरी सूट मिळावी. आकडेवारी सोबत जोडली आहे.' आणि सोबत जोडली ती अशी. पाठवायच्या आधी माझा मूळ फॉर्म काढून समोर ठेवला होता. मग तोही गठ्ठ्यात घातला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी एक बाई आली. सोयगावकडची, म्हणजे आमच्याच भागातली. पंचविशीची, कडेवर लेकरू. दारातूनच विचारलं, "मॅडम हैत का?"

"येतीलच. बसा."

हे वाक्य मी दोन वर्षं म्हणतो आहे. बायका पाटी वाचून येतात, आत मी दिसलो की दारात थबकतात. येतीलच म्हटलं की बसतात. मग मी हळूहळू विचारतो आणि काम होऊन जातं. कुणाचं नुकसान नाही, असं मी मानत आलो.

ही बसली. काय काम पाहिजे विचारलं तर म्हणाली, मॅडमला सांगते. शिक्षण विचारलं, मॅडमला सांगते. तास झाला. लेकरू रडायला लागलं. तिनं दोनदा सुलेखाच्या टेबलाकडं बघितलं. मग उठली, "मॅडम येनार नाय का आज?" म्हणाली आणि निघून गेली. दंडावर काळंनिळं होतं. पदर सावरताना दिसलं.

सुलेखा असती तर आधी लेकराला बिस्किट दिलं असतं. मग तिचे ते नेहमीचे प्रश्न विचारले असते. पोराला कोण सांभाळतं? पाणी किती दिवसांनी येतं? रात्रपाळी घरात चालेल का? मला वाटायचं, ही उगाच वेळ घालवते. बायोडाटात कुठं असतं पाण्याचं? पण तिनं लावलेली बाई काम सोडून जायची नाही, आणि मी लावलेली महिन्यात जायची.

आणि मी इथं सातव्या कलमाला शिव्या देत बसलो आहे. ज्यानं ते लिहिलं त्याला काहीतरी माहीत होतं. संघाच्या सचिवानं असं लिहू नये, पण डायरी माझी आहे.

ती बाई परत आली नाही. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

सोनियाचा फोन. नोंदणीचं काय झालं विचारलं. नाही मिळाली तर मार्चमध्ये मम्मीचा स्मृतिदिन करून सरळ पुण्याला या म्हणाली. खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावले आहेत. पडद्यांचा रंगही सांगितला. मी बरं म्हटलं आणि मग दिवसभर कुणाशी बोललो नाही. बोलायला कुणी नव्हतंच म्हणा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

सरकारी विश्रामगृहाच्या सभागृहात समिती बसली होती. तिघंजण, मध्ये चष्मा लावलेल्या उपसचिव बाई. आमचे तीसेक सभासद, सगळे धुतलेल्या कपड्यांत. तात्यासाहेबांनी पुष्पगुच्छ दिला आणि मराठवाड्याचा मागासलेपणा, मग उद्योग, मग स्वतःचे वडील असं पंधरा मिनिटं बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. मग माझा गठ्ठा पुढं ओढला.

"तुम्ही एकट्यानं चालवलेल्या कार्यालयांसाठी सूट मागता," त्या म्हणाल्या. "तुमच्याच आकडेवारीत असं कार्यालय एकच आहे. एका कार्यालयासाठी राज्याचा नियम कसा बदलायचा? कुणाचं आहे हे?"

मागच्या रांगेत रत्नमालाबाई उभ्या राहिल्या. हातात पर्स धरली होती, दोन्ही हातांनी. सगळ्यांनी माना वळवून बघितलं. कुणीतरी हलकेच हसलंसुद्धा. एवढ्या मोठ्या सभागृहात एकटी म्हणून त्या एकट्याच उभ्या होत्या, आणि भोवती आम्ही तीस जण दोन-दोन असल्यासारखे खुर्च्यांत बसून होतो.

मला ते बघवलं नाही. उठलो.

"मॅडम, एक नाही. माझंही एकट्याचंच आहे."

बाईंनी कागद चाळले. "हिवराळे? तुमच्या फॉर्मवर दोन आहे. हा तर नमुन्याचा फॉर्म दिसतोय."

"हो. दुसरी माझी बायको."

"त्या आज आल्या नाहीत?"

येतीलच, हे शब्द ओठांवर आले होते. खोटं सांगायचं म्हणून नाही, सवयीनं.

"ती वारली," मी म्हणालो. "दोन वर्षं होतील. फॉर्ममध्ये चूक माझी आहे. माझं बघून बाकीच्यांनी लिहिलं."

मग माझ्या मागं खुर्ची सरकली. "माझं बी एकच हाय, मॅडम," कडूबाचा आवाज. "मांजर धरून दोन." कुणी हसलं नाही. मग साळूबाई उठली. मग जोगेश्वरीचा एक जण. मग एकेक करत, आवाज न करता. तात्यासाहेब मान वळवून वळवून मोजत होते आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. वीस वर्षं ते आमचे अध्यक्ष आहेत. बहुतेक त्यांनाही माहीत नव्हतं.

तेवीस झाले, रत्नमालाबाईंना धरून.

उपसचिव बाईंनी चष्मा काढला. "नवे फॉर्म भरून द्या, खरे. ते बघून ठरवू. पण मला एक सांगा. सूट दिली आणि तुमच्याकडं एखादी बाई आली, जिला पुरुषासमोर बोलता येत नाही. मग?"

मला ती सोयगावची आठवली.

"मग ते मला फोन लावतील," मागून रत्नमालाबाई म्हणाल्या. "माझ्याकडं एखादा गडी मानूस काम मागायला आला तर मी त्यांना लावीन. दोन ऑफिसं जोडून नोंदवा, मॅडम. मानसं दोन होतील."

"हे मसुद्यात नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर सांगायला आलो," रत्नमालाबाई म्हणाल्या.

बाईंनी लिहून घेतलं. लेखी द्या म्हणाल्या. होईल की नाही, ते मुंबईत ठरेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल येताना कडूबा माझ्या स्कूटरवर मागं बसला होता. बजाजनगरला उतरल्यावर म्हणाला, "भाऊ, वहिनीच्या मातीला आलो व्हतो मी. तरी तुमच्या फॉर्मवर दोन बगून मला काय बी वाटलं नाय. वहिनी हैतच असं धरूनच चालतो आपन." आणि गेला.

आज नवे फॉर्म काढले. नमुना जोडला नाही. माझा सगळ्यात आधी भरला. चौथ्या रकान्यात '१' लिहिलं. एवढासा आकडा, एक उभी रेघ आणि वर वाटोळा डोळा. लिहिला आणि रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, मातीच्या दिवशीही आलं नव्हतं. शटर अर्धं ओढून घेतलं आणि पोटभर रडलो. मग तोंड धुतलं, कारण एका कंपनीचा फोन आला. लोडिंगला बारा जण पाहिजेत. माझ्याकडं नऊ आहेत. नऊच सांगितले. ते बरं म्हणाले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी एकच्या सुमाराला दारात दोघी. एक तरुण, एक तिची सासू असावी. म्हातारीनं पाटी बोटानं वाचली आणि आत बघितलं.

"मॅडम हैत का?"

"मॅडम नाहीत," मी म्हणालो. "त्या वारल्या. मी एकटाच असतो इथं."

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. म्हातारी सुनेचा हात धरून वळलीच. मी म्हटलं, "थांबा. मावशी, शटर पूर्ण वर करतो. आणि एका बाईंना फोन लावून देतो, त्यांच्याशी बोला. मी बाहेर उभा राहतो."

रत्नमालाबाईंना फोन लावला, थोडक्यात सांगितलं, आणि फोन सुलेखाच्या टेबलावर आवाज मोठा करून ठेवला. सून तिच्या खुर्चीवर बसली. दोन वर्षांत त्या खुर्चीवर पहिल्यांदा कुणी बसलं. मी बाहेर उन्हात उभा होतो, तरी ऐकू येत होतं.

"नाव काय गं तुझं? बरं. पोराला कोन सांभाळतं?" मग थोडं थांबून, "आणि पानी किती दिवसांनी येतं तुमच्याकडं?"

मी भिंतीला हात टेकवला.

अर्धा तास बोलल्या. त्या दोघी हसत बाहेर आल्या, सोमवारी कागद घेऊन येतो म्हणाल्या. मी आत जाऊन फोन उचलला. चालूच होता.

"चांगली हाय मुलगी," रत्नमालाबाई म्हणाल्या. "दिवसपाळीच द्या. नवरा बाहेरगावी असतो, ती तुम्हाला सांगनार नाय." मग नेहमीसारखं, "जेवलात का?"

झालं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "नाही जेवलो."

पलीकडं डब्याचं झाकण वाजलं.

"मी पन नाय," त्या म्हणाल्या.

फॉर्मबद्दल आज त्यांना कसलीच शंका नव्हती.